सांगायची सक्ती नाही

रुग्णालयातल्या सिस्टरला "कसं वाटतंय?" असं विचारलं की ती आधी घड्याळाकडे बघते. उत्तराला किती वेळ जाईल आणि तेवढ्यात कोणत्या बेडचं सलाईन संपेल, हा हिशोब तिच्या डोक्यात आपोआप मांडला जातो. मग ती म्हणते, "ठीक आहे मॅडम." पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या पट्ट्यात हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की खरंच ठीक असलेली सिस्टर कोणती आणि वेळ मारून नेणारी कोणती, हे आता बऱ्यापैकी कळतं. वेळ मारून नेणारी जरा जास्तच पटकन उत्तर देते.

मी मानसशास्त्रज्ञ आहे. नवीन पनवेलमध्ये छोटंसं क्लिनिक आहे. चिंता, नैराश्य, नवरा-बायकोची भांडणं, दहावीतल्या मुलांचे आईबाप असं नेहमीचं काम. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर त्यात एका वेगळ्या कामाची भर पडली : रुग्णालयात राबणाऱ्या लोकांसाठी छोटे गट घेणं. आठ-दहा माणसं, दीड तास, एका गटाच्या दोन किंवा तीन बैठका, की झालं. वर्षानुवर्षं चालणारी थेरपी नाही, शिबिर नाही आणि ताणतणाव व्यवस्थापनावरचं व्याख्यान तर मुळीच नाही. (त्या व्याख्यानांना सिस्टर लोक शेवटच्या रांगेत बसून पाय मोकळे करतात. त्यांना तेवढाच आराम.) कोणत्या रुग्णालयांत हे काम केलं त्यांची नावं इथे लिहिणार नाही. माणसांचे तपशीलही ओळख पटणार नाही इतपत बदलले आहेत.

पनवेलमध्ये हे काम उभं राहिलं यात नवल काहीच नाही. नकाशा उघडून बघावा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून सुरू होतो. पळस्पे फाट्याला गोव्याची वाट फुटते. उरणच्या बंदराकडचे कंटेनर रात्रंदिवस याच रस्त्यांवरून जातात. रेल्वेचं जंक्शन इथलंच. पाठीशी सह्याद्री आणि त्याच्या अंगावर कोसळणारा कोकणचा पाऊस. या पट्ट्यात काहीही झालं की त्यातली बरीचशी माणसं इथल्याच कुठल्या ना कुठल्या कॅज्युअल्टीत येतात. मार्च-एप्रिल २०२० मध्ये खारघरच्या औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानांना लागण झाल्याच्या बातम्या आल्या, पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवलं गेलं आणि कोनच्या इमारतींत विलगीकरण सुरू झालं. ते निवळतं न निवळतं तोच २०२३ उजाडलं. १५ एप्रिलच्या पहाटे बोरघाटात ढोलताशा पथकाची बस दरीत कोसळली, १३ जण गेले. त्याच्या दुसऱ्याच दिवशी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात भर उन्हात बसलेल्या श्रीसदस्यांपैकी १४ जण उष्माघातानं दगावले. १९ जुलैच्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर आला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ताच राहिले आणि चौथ्या दिवशी शोध थांबवावा लागला. २०२४ च्या जुलैमध्ये आषाढीला पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्यांची बस द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टरला धडकली, पाच जण गेले.

बातमीत मृतांचा आकडा येतो, जखमींचा येतो. मुख्यमंत्र्यांनी किती लाख जाहीर केले तेही येतं. त्या रात्री स्ट्रेचर ढकलणारा मामा, कपडे कापून काढणारी सिस्टर, नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगणारा निवासी डॉक्टर आणि फरशी धुणारी मावशी यांचा आकडा कुणी ठेवत नाही. ठेवावा असं त्यांना स्वतःलाही वाटत नाही. "आमचं कामच ते आहे," असं ती माणसं म्हणतात, आणि खोटं बोलत नाहीत. बहुतेकांचं मन चार-सहा आठवड्यांत आपलं आपण सावरतं. हे आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर रुग्णालयात काम करणारा प्रत्येक जण आजारी आहे असं चित्र उभं राहतं. ते चित्र चुकीचं आहे आणि त्यांचा अपमान करणारंही आहे.

प्रश्न न सावरणाऱ्यांचा असतो. त्यांच्या बाबतीत काय होतं? कॅज्युअल्टीत आलेला पेशंट वॉर्डात न जाता महिनोन्‌महिने दारातच स्ट्रेचरवर पडून राहावा, तशी एखादी आठवण पडून राहते. येता-जाता तिला धक्का लागतो. एका सिस्टरांना घरी पार्सल आलं की त्रास व्हायचा. पार्सलमध्ये काय आहे याच्याशी संबंध नव्हता. खोक्यावरची चिकटपट्टी ओढताना जो चर्र आवाज होतो, तो त्यांना सोसवत नव्हता. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये त्यांच्या वॉर्डात बॉडी प्लास्टिकमध्ये गुंडाळून, तीच पट्टी ओढून बंद करावी लागे आणि एका नाईटला ते काम त्यांच्या हातून वारंवार झालं होतं. मुलगा पार्सल उघडायला लागला की त्या गॅलरीत जायच्या. घरात कुणाला कारण माहीत नव्हतं. सासूबाईंचं म्हणणं असं, की ऑनलाइन खरेदीचा राग येतो हिला, बरंच आहे.

दुसरे एक ब्रदर. त्यांना झोप लागायची, पण अडीचला जाग यायची, बरोब्बर अडीचला. तिसरी एक तरुण डॉक्टर. तिला काहीच होत नव्हतं. हसू नाही, रडू नाही, जेवणाला चव नाही, पेशंट गेला तरी मनावर ओरखडा नाही. "मी आता चांगली डॉक्टर झालेय का मॅडम?" असं तिनं विचारलं. तिला ते खरोखर जाणून घ्यायचं होतं.

अशा माणसांना आपल्याकडे एकच सल्ला मिळतो : बोल, मोकळी हो. मित्र देतात, नातेवाईक देतात, आणि बरेच समुपदेशकही देतात. मला या सल्ल्याबद्दल थोडी तक्रार आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी अग्निशमन आणि रुग्णवाहिका दलांसाठी एक पद्धत बसवली. दुर्घटना झाली की दोन-तीन दिवसांत सगळ्यांना गोल बसवायचं आणि प्रत्येकानं काय पाहिलं, काय वाटलं ते क्रमानं सांगायचं. ऐकायला अगदी पटण्यासारखं आहे आणि जगभर ते पसरलंही. पण पुढे अभ्यास झाले, ते एकत्र तपासले गेले, आणि एकाच बैठकीत घडाघडा सगळं बोलून घेण्यानं पुढचा आजार टळतो असं काही दिसेना. काहींच्या बाबतीत तर उलटंच झालं. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. स्वतःचं ओझं घेऊन आलेल्या माणसाला आपण आणखी सात जणांची ओझी ऐकवतो. त्यानं जे पाहिलं नव्हतं तेही त्याच्या डोळ्यांपुढे उभं करतो.

रुग्णालयात तर बोलण्यात आणखी एक मेख आहे. इथे प्रत्येकाच्या वर कुणीतरी आहे. सिस्टरांच्या वर इनचार्ज, त्यांच्या वर मेट्रन, निवासी डॉक्टरच्या वर युनिटचे सर, आणि मामा-मावशींच्या वर ही सगळी मंडळी. मेट्रनबाईंसमोर "मला आयसीयूत जायची भीती वाटते" असं कोण म्हणेल? म्हटलं तर ड्यूटी बदलेल, आणि मागे कुजबुज सुरू होईल की हिला झेपत नाही. शिवाय चौकशीची धास्ती. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याला नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नाशिकला टाकीतून ऑक्सिजन गळून आणि विरारला आयसीयूत आग लागून माणसं गेली. राज्यातल्या प्रत्येक सिस्टरला या घटना पाठ आहेत, आणि त्यानंतर कुणाकुणाची चौकशी झाली तेही. "त्या रात्री मॉनिटर वाजत होता आणि मी दुसऱ्या बेडवर होते" हे वाक्य तिच्या दृष्टीनं मनातलं दुःख असेल, पण ते चार लोकांत उच्चारलं की जबाब होतो. म्हणून ती 'ठीक आहे' म्हणते. तिच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

मी गटात जी पद्धत वापरते तिच्यात काय झालं ते कुणी कुणाला सांगायचं नसतं. माझ्या दृष्टीनं तिचं अर्धं बळ इथेच आहे.

तिचं मूळ ईएमडीआर या उपचारात आहे. फ्रान्सिन शापिरो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंना १९८७ मध्ये फिरायला गेल्या असताना असं जाणवलं, की त्रासदायक विचार मनात असताना डोळे इकडून तिकडे हलले की त्या विचाराची धार कमी होते. त्यावरून त्यांनी उपचाराची रीतसर पद्धत बांधली. डोळे हलवण्यानं नेमकं काय होतं यावर तज्ज्ञांत अजून वाद आहेत, पण आघातानंतरच्या त्रासावर तिचा उपयोग होतो हे पुरेसं सिद्ध झालंय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत तिची शिफारस केली आहे. ती गटात आली ती गरजेपोटी. १९९७ मध्ये मेक्सिकोतल्या अकापुल्कोला पॉलिन नावाचं चक्रीवादळ झालं. मुलं शेकड्यांनी आणि उपचार करणारे मोजके. तेव्हा इग्नासिओ हारेरो आणि लुसिना आर्टिगास यांनी मुलांना एकत्र बसवून चित्रं काढायला लावली. दोन्ही हात छातीवर एकमेकांना छेद देऊन ठेवायचे आणि आळीपाळीनं थोपटायचं, ही 'फुलपाखराची मिठी' तिथलीच. पुढे इस्राएलमधल्या एलान शापिरो यांनी मोठ्यांच्या गटासाठी एका कागदावर मावेल अशी पद्धत तयार केली, जी-टेप. कोविडच्या काळात ब्रिटनमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी तीच व्हिडिओ कॉलवरून वापरून पाहिली गेली. गटपद्धतीवरचे अभ्यास अजून लहान आहेत, निष्कर्ष आशादायक आहेत. त्याहून मोठा दावा मी करत नाही आणि रुग्णालयाच्या व्यवस्थापनालाही करू देत नाही, कारण दावा मोठा केला की पुढच्या महिन्यात "मग आता सगळे बरे झाले ना?" असा फोन येतो.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. जागा बहुतेक वेळा वरच्या मजल्यावरची ट्रेनिंगची खोली, एका कोपऱ्यात सीपीआरचा पुतळा पालथा पडलेला. वेळ दुपारी दोनच्या सुमाराची, कारण सकाळची पाळी सुटते आणि दुपारची लागते. सगळे बूट काढून बसतात. सांगावं लागत नाही. सात-आठ तास उभ्या असलेल्या माणसाला खुर्ची दिसली की पहिलं काम तेच. प्रत्येकासमोर एक कागद आणि स्केचपेनं. मी पहिल्यांदा नियम सांगते : आज इथे कुणी काही सांगायचं नाही. शेजारणीच्या कागदात डोकवायचं नाही. कागद शेवटी घरी न्या, फाडा, जाळा, मला देऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच खोलीतले खांदे खाली येतात. हे मला पहिल्या गटात दिसलं आणि त्यानंतर प्रत्येक गटात दिसत आलंय.

कागदाच्या एका भागात आत्ता या घडीला आपण सुरक्षित आहोत याची खूण करायची. कुणी पंखा काढतं, कुणी चहाचा कप. एका भागात पूर्वीची एखादी चांगली आठवण. एका भागात पुढे कसं असायला हवं आहे ते. आणि एका कोपऱ्यात त्या प्रसंगाचं नाव किंवा नुसती खूण. नाव दुसऱ्याला कळलं पाहिजे असं नाही. एका मामांनी नुसतं 'लिफ्ट' असं लिहिलं होतं. त्या लिफ्टमध्ये काय झालं ते मला आजही ठाऊक नाही.

मग तो सगळा काळ, प्रसंगाच्या सुरुवातीपासून आजच्या दिवसापर्यंत, मनातल्या मनात भरभर धुंडाळायचा आणि कुठे खटकतं ते बघायचं. या पायरीला मूळ पद्धतीतच 'गूगल सर्च' म्हणतात आणि मला तो शब्द बदलावासा वाटला नाही, कारण तो सांगितला की मावशीसुद्धा मान डोलावतात. जिथे खटकलं तिथे त्रास किती, शून्य ते दहा. आकडा लिहायचा. त्यानंतर हातानं कागदावर या टोकाला, त्या टोकाला असं आळीपाळीनं थोपटायचं, नजर हाताच्या मागे न्यायची. अर्धा मिनिट. थांबायचं, श्वास घ्यायचा, मनात काय आलं ते एका शब्दात किंवा एका रेघेत टिपायचं. पुन्हा थोपटायचं. आठ-दहा माणसं एका वेळी टेबलावर हलक्या हातानं थोपटत आहेत आणि कुणीच बोलत नाही, हे बघायला सुरुवातीला विचित्र वाटतं. एकदा बाहेरून जाणाऱ्या एका डॉक्टरांनी दार उघडून विचारलं, "भजन आहे का?" सगळे हसले, आणि हसून झाल्यावर पुन्हा थोपटायला लागले.

चिकटपट्टीवाल्या सिस्टरांचा आकडा पहिल्या बैठकीत नवावरून सहावर आला. मी सहसा आकडे विचारत नाही, ज्यांना सांगायचं ते सांगतात. त्यांनी स्वतःहून सांगितलं आणि वर म्हणाल्या, "सहा म्हणजे अजून जास्तच आहे ना?" होतंच. दुसऱ्या बैठकीत मध्येच त्यांचा हात थांबला. त्यांना ती पट्टी नाही, त्या रात्रीच्या एका बाईंचे केस आठवले होते. वेणी नीट घालून, रिबीन लावून पाठवलं होतं त्यांनी, कारण नातेवाइकांना आत येता येत नव्हतं. वेणी घातली हे त्या साफ विसरल्या होत्या. आठवण त्रास देते तेव्हा ती पूर्ण असतेच असं नाही. तिचा एकच तुकडा पुनःपुन्हा वर येतो, आणि माणसानं त्याच वेळी केलेली चांगली गोष्ट खाली दबून राहते. थोपटण्यानं जादू झाली असं मी म्हणणार नाही. पण दबलेला तुकडा वर आला आणि त्यांचा आकडा दोनवर आला. वेणीचं मात्र त्यांनी सगळ्यांना सांगितलं, कुणी न विचारता.

हे मला नेहमी गमतीचं वाटतं. बोलायची सक्ती काढली की माणसं बोलतात. मात्र काय बोलायचं ते त्यांचं ते ठरवतात.

इर्शाळवाडीनंतरच्या एका गटात रुग्णवाहिकेवरचे एक चालकदादा होते. आपल्याकडे १०८ क्रमांकाची सेवा २०१४ पासून आहे. अपघात झाला की सगळ्यांत आधी पोहोचणारे हे लोक, पण मानसिक आधाराच्या कुठल्याही यादीत त्यांचं नाव शेवटी येतं, कारण ते रुग्णालयाचे नाहीत आणि पोलिसांचेही नाहीत. मला वाटलं होतं त्यांनी भयंकर काहीतरी पाहिलं असेल. तसं काहीच नव्हतं. वाडी वर डोंगरात, रस्ता नाही, यंत्रं चढवता येईनात, मदतीची माणसं पायी चढून गेलेली. हे खाली गाडी लावून उभे. पाऊस, धुकं, वायपर चालू. गाडीत ऑक्सिजन भरलेला, स्ट्रेचर पसरलेलं. आणि वाट बघितली तेवढा वेळ त्यांच्या गाडीत कुणी आलंच नाही. वर सापडले त्यांतल्या बऱ्याच जणांचा अंत्यविधी वरच उरकावा लागला. "मी काही केलं नाही मॅडम, म्हणून मला या गटात बसायचा हक्क नाही," असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या कागदावर वायपर होता, दोन रेघा. पाहिलेल्या गोष्टीइतकाच न करता आलेल्या गोष्टीचाही आघात होतो, हे पुस्तकात वाचलं होतं मी. वायपर पाहिल्यावर ते कळलं.

कौतुकाचाही त्रास असतो. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी आपण सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या, आणि ज्यांच्यासाठी वाजवल्या त्यांपैकी काहींना पुढच्याच आठवड्यात सोसायटीच्या लिफ्टनं जायला मनाई झाली. ते सोडा. पण 'योद्धा' म्हटलं की माणसाला घाबरायची सोय राहत नाही. नर्सिंगच्या गटांत कामा रुग्णालयातल्या अंजली कुलथे यांचा विषय हमखास निघतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी आवारात शिरल्यावर त्यांनी वॉर्डातल्या २० गर्भवती बायकांना एका छोट्या खोलीत नेऊन लपवलं, पुढे कसाबला ओळखलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्या बोलल्या. हे सगळ्या सिस्टरांना माहीत असतं, अभिमान असतो. एका गटात एक जुन्या सिस्टर म्हणाल्या, "त्यांनी काय केलं ते सगळे सांगतात. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जाताना त्यांना कसं वाटलं असेल, ते कुणी सांगत नाही." त्यानंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही आणि मीही तो वेळ भरून काढायच्या फंदात पडले नाही.

सगळ्यांना गट लागू पडतो असं नाही. पहिल्या बैठकीआधी मी प्रत्येकाकडून २२ प्रश्नांची एक छापील प्रश्नावली भरून घेते, आणि पाच-दहा मिनिटं एकेकाला वेगळं भेटते. जीव नकोसा झालाय का, दारू वाढलीय का, झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनानं घेता का (औषधं हाताशी असतात, हा रुग्णालयातला खास धोका). तसं काही दिसलं तर गट नाही. मानसोपचारतज्ज्ञ आणि एकट्यानं घ्यायचा उपचार. काहींना मी टेली-मानसचा १४४१६ हा नंबर देते, कारण रात्री अडीचला मी फोन उचलेन याची खात्री नसते आणि तिथे चोवीस तास कुणीतरी असतं. काही जण पहिल्या बैठकीनंतर येतच नाहीत. त्यांना मी कारण विचारत नाही.

दुसऱ्या लाटेतल्या लोकांच्या बाबतीत मला एक गोष्ट सारखी दिसत आली. भीतीचा आकडा उतरतो. अपराधाचा उतरतोच असं नाही. ऑक्सिजनचा बेड एक आणि दारात तिघं, अशा वेळी ज्यानं एकाला आत घेतलं, त्याला बाकीचे दोघं विसरता येत नाहीत. तिथे हळूहळू जावं लागतं. निर्णय त्याचा होता की त्याच्यावर येऊन पडला होता, हे वेगळं करावं लागतं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे राग, तो तर उतरवूच नये अशा मताची मी आहे. ते अडीचला जागे होणारे ब्रदर आठवतात? त्यांचा आकडा आठावरून तीनवर आला आणि तिथेच थांबला. मी आणखी एक आवर्तन घेऊ या म्हटलं. ते म्हणाले, "नको मॅडम. हे तीन राहू द्यात. ते माझे नाहीतच." त्या रात्री बावीस पेशंटना ते आणि एक शिकाऊ सिस्टर, एवढेच होते. तीन हा आकडा रोस्टरचा होता. तो कागदावर थोपटून गेला असता तर मला स्वतःच्या कामाची शंका आली असती.

व्यवस्थापनाला हे गट आवडतात त्यामागे एक कारण असंही आहे, की ते स्वस्त पडतात. आठ माणसं, एक मानसशास्त्रज्ञ, थोडे कागद. दोन सिस्टर जास्त नेमण्यापेक्षा हे केव्हाही परवडतं. मला याची जाणीव आहे आणि म्हणून प्रत्येक रुग्णालयाला द्यायच्या कागदात मी कुणाचंही नाव, कुणाचाही आकडा न देता एक पान जोडते. गटात आलेल्यांच्या पाळ्या किती तासांच्या होत्या, लागोपाठ नाईट किती, जेवायला जागा कुठे, बॉडी हलवायला माणसं किती, एवढंच त्यावर असतं. एका ठिकाणी ते पान वाचून लागोपाठच्या नाईट कमी केल्या. एका ठिकाणी मला पुन्हा बोलावलं नाही.

सध्या घोडं अडलंय ते मामा-मावशींच्या बाबतीत. एका रुग्णालयात मेट्रनबाईंनी भांडून सिस्टरांच्या बैठकीचा दीड तास ड्यूटीत धरायला लावला. पण मामा आणि मावशी कंत्राटी. त्यांची हजेरी वेगळी, पगार वेगळा, मालक वेगळा. दीड तास वॉर्डात दिसले नाहीत तर अर्ध्या दिवसाचे पैसे जातात, आणि पाळी सुटल्यावर थांबा म्हणावं तर त्यांतल्या निम्म्या जणांना दुसऱ्या कामावर पोहोचायचं असतं. एक मावशी इथून सुटून सेक्टरमधल्या चार घरची धुणीभांडी करतात. मागच्या खेपेला त्या गटात आल्या, अर्ध्या तासात उठल्या, कागद घडी करून कमरेला खोचला आणि "उरलेलं घरी थोपटते" म्हणून निघाल्या. येत्या सोमवारी त्यांच्या कंत्राटदाराला भेटायचं ठरलंय. मेट्रनबाई सोबत येणार आहेत, आणि २०२१ च्या एप्रिल-मेचं हजेरीचं रजिस्टरही घेऊन येणार आहेत.